घोंगडीवरचं पाणी

न्यायमूर्ती उर्वशी राठोड यांना तहान लागली, आणि इथूनच सगळी भानगड सुरू झाली.

तहान काय, कुणालाही लागते. मे महिना, दिग्रसच्या पुढचा बंजाऱ्यांचा तांडा, निंबाखाली जमलेलं सगळं गाव आणि ऊन असं की कोंबडीसुद्धा सावली सोडायला तयार नाही. पण राजेहो, हायकोर्टाच्या जजला तहानसुद्धा विचार करूनच लागावी लागते. तिला ते ठाऊक होतं. बाकी सगळं तिनं विचार करूनच केलं होतं, नेमकी तहान तेवढी राहून गेली.

उर्वशी म्हणजे भीमराज नाईकांची एकुलती एक पोरगी. नाईक हा तांड्याचा प्रमुख. भांडण कुणाचंही असो, बसणं त्याच्यासमोर आणि निवाडा त्याचा. पोरगी चौथीनंतर आश्रमशाळेत गेली, पुढं यवतमाळला वकील झाली, दिग्रसच्या कोर्टात काही वर्षं काळा कोट घालून उभी राहिली आणि परीक्षा देऊन न्यायाधीश झाली. मग गेवराई, खेड, राजुरा, नांदेड. बिऱ्हाड कायम पेटीत. शेजारच्या घरी चहाला जायचं नाही, वकिलाच्या पोराच्या लग्नात जेवायचं नाही, भाजीवालीशी दोन शब्द जास्त बोलायचे नाहीत, कारण तिचीही एखादी तारीख असायची. तिचा नवरा कॉलेजात शिकवायचा. तो चेष्टेनं म्हणायचा, "अगं, कैद्याला निदान भेटायला माणसं येतात." ती हसायची, आणि रात्री त्याच वाक्यावर जागी राहायची. अशी वर्षं काढता काढता ती जिल्हा न्यायाधीश झाली आणि आता नागपूर खंडपीठावर बसली. तांड्यातून इतक्या वर कुणी गेलं नव्हतं. सत्कार तर व्हायलाच पाहिजे होता.

पण सत्काराला एक अडचण होती. तिच्या चुलत्याचे दोन मुलगे, थोरला अमरसिंग आणि धाकटा जीवन. भीमराज नाईकांच्या मागं नाईकपण अमरसिंगाकडे आलं. जीवन मोटारपंपाचा शॉक लागून गेला. मूलबाळ नाही, मागं एकटी बायको राहिली, संगीता. वर्षसुद्धा उलटलं नाही तोच अमरसिंगानं म्हणायला सुरुवात केली, की घर आणि विहिरीवरचं वावर घराण्याचं आहे, तिनं आपल्या माहेरी जावं. संगीता माहेरी गेली नाही, दिग्रसच्या कोर्टात गेली. नवऱ्याच्या वाट्यावर बायकोचा हक्क असतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जीवननंच सांगून ठेवलं होतं, "कोर्टात आपली उर्वशी बसते. तिथं भ्यायचं नाई."

उर्वशीला हे सगळं आईकडून कळलं, म्हणजे अर्धंच कळलं. तिची याडी, म्हणजे आई जमनाबाई, फोनवर सांगायला लागली, तशी तिनं मध्येच तोडलं.

"याडी, हे मला सांगू नकोस. केस चालू आहे."

"अव पण तुया भावजयीचं घर जाऊन राह्यलं!"

"म्हणूनच सांगू नकोस."

त्यावर म्हातारी चार दिवस फोनवर बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची? जजनं बाहेर एक शब्द टाकला, तर दिग्रसचा तरुण न्यायाधीश तो शब्द ऐकल्याशिवाय राहील का? तिचं खरंच होतं. पण खरं असून माणूस किती एकटं पडतं, ते तिच्या घरच्या फोनला विचारावं.

तर उर्वशीनं निरोप पाठवला. मंडप नको, शाल-नारळ नको, भाषण नको, अमरसिंगानं जवळ बसायचं नाही. मी आईला भेटायला येते, पंधरा मिनिटं सगळ्यांमध्ये बसते, आणि बस. अमरसिंगानं सगळं कबूल केलं. इतक्या पटकन कबूल केलं की दुसऱ्या एखाद्या साक्षीदाराच्या बाबतीत तिनं लगेच भुवई उंचावली असती. घरच्या माणसाबाबत तिची भुवई जागची हलली नाही.

गाडी आर्णीवरून आली. ती आईच्या घराकडे वळणार, तेवढ्यात नाईकाचा उजवा हात असलेल्या हरचंद कारभाऱ्यानं तिला हात जोडून निंबाकडे नेलं. तिथं खाट होती, आणि खाटेवर बापाची काळी घोंगडी. ती बघून उर्वशीचा जीव भरून आला. बाप गेल्यापासून ती घोंगडी आईच्या ट्रंकेत होती. शाल नाकारता येते, बापाची घोंगडी कशी नाकारायची? ती बसली. बायकांनी तांड्याच्या बोलीत, गोरबोलीत, गाणं सुरू केलं, तेव्हा तर तिला रडूच आलं, आणि ती वर्षानुवर्षं चारचौघांत रडली नव्हती.

मग गाणं थांबलं आणि घशाला कोरड पडली. अंगरक्षकाकडे थंड पाण्याची बाटली होती. पण तांड्याच्या मधोमध बसून नागपूरचं बाटलीतलं पाणी प्यायचं? उद्या सगळीकडे बोंब, की मोठी झाली आणि आमचं पाणी चालेना. खाटेच्या कडेला दोन लोटे ठेवलेले होते, एक तांब्याचा, एक स्टीलचा. तांब्याचा उजव्या हाताला होता. तिनं तो उचलला आणि वरून घटाघटा प्यायली. पाणी गार होतं, वाळ्याचा वास होता. तिला फार बरं वाटलं.

लोटा खाली ठेवला, तर सगळ्यांच्या नजरा त्या लोट्यावर.

मग अमरसिंग लांबूनच उठला, दोन्ही हात जोडून कमरेत वाकला. त्याची बायको तुळसाबाई पदर डोळ्याला लावून हसत होती. हरचंद कारभाऱ्यानं स्टीलचा लोटा उचलला, त्यातलं पाणी निंबाच्या मुळाशी ओतलं आणि रिकामा लोटा मागं उभ्या असलेल्या संगीताच्या हातात दिला. संगीतानं तो घेतला. तिचा चेहरा असा झाला, की उर्वशीनं तो चेहरा कोर्टात कितीतरी वेळा पाहिला होता, निकाल वाचून संपल्यावर.

"काय झालं?" तिनं कारभाऱ्याला विचारलं.

"काई नाई, बाई. झालं," कारभारी म्हणाला.

ती तरातरा आईच्या घरात शिरली. जमनाबाई उंबऱ्यातच कपाळाला हात लावून बसली होती.

"कोनाचं पेलीस?"

"काय कुणाचं?"

"पाणी व! तांब्यातलं का टीलातलं?"

"तांब्यातलं."

"मेलं," म्हातारी म्हणाली. "अव, तुले मालूम नाई?"

नव्हतं मालूम! हिंदुस्थानातल्या वहिवाटींवर पानंच्या पानं निकाल लिहिणाऱ्या बाईला आपल्या बापाची वहिवाट मालूम नव्हती. असणार कुठून? बैठक बसली की पोरींना हाकलून देत, आणि पुढं तर ती तांड्यातच नव्हती. तिला आठवत होतं एवढंच, की हरलेला माणूस कधी बापाशी भांडायला आला तर बाप हात झटकून म्हणायचा, "मी कुठं काई बोललो?" लहानपणी तिला त्या वाक्याची गंमत वाटायची.

जमनाबाईनं तिला सांगितलं. भीमराज नाईक घोंगडीवर बसले की दोन्ही बाजू आपापला लोटा आणून ठेवत. नाईक सगळं ऐकून घेत, तोंडातून अवाक्षर काढत नसत, आणि ज्याच्या लोट्यातलं पाणी पीत त्याच्या बाजूनं निवाडा. शब्दच नाही, तर कोण कशाला फिरवणार? नाईकपण अमरसिंगाकडे आलं तरी स्वतःच्या भांडणात स्वतः कसं बसायचं? त्यानं पंचांना सांगितलं, उर्वशी येईल, तिच्यासमोर ठेवू. संगीतानं तर आनंदानं आपला लोटा घासून आणला होता.

"आणि तू घोंगडी दिलीस?"

"मले म्हनला सत्काराले पायजे. मले काय मालूम असं करन म्हणून?" म्हातारी रडायला लागली. "लोटे दिसले तशी मी सांगाले येत होती, तर तुळसाबाईनं चहा ठेवाले घरी धाडलं मले."

उर्वशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच बाहेर आली. माणसं अजून होती, दोन-तीन पोरं मोबाइल धरून चित्रीकरण करत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "ऐका. मी कोणताही निर्णय दिलेला नाही. मला तहान लागली होती, मी पाणी प्यायले. बस."

सगळे एकमेकांकडे पाहून हसले. कौतुकानं हसले, हेच वाईट. एक म्हातारा तर टाळी वाजवून म्हणाला, "वा! भीमराज नाईकबी असंच म्हनत. मी कुठं काई बोललो!"

मग काय करावं माणसानं! बोलली तर बापासारखी बोलली, गप्प बसली तर बापासारखी गप्प बसली. तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला खोलीत घालून बाहेरून कडी लावली आहे, आणि बाहेरची सगळी माणसं आपल्या मायेचीच आहेत.

संगीता समोरून आली. अंगरक्षक पुढं सरकला, उर्वशीनं हातानं त्याला थांबवलं. संगीता वाकून पाया पडली आणि रिकामा लोटा छातीशी धरून उभी राहिली.

"बाई, एक विचारू? माया लोट्यातलं पाणी खराब होतं काय?"

"नाही गं," उर्वशी म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली. एवढंसुद्धा बोलायला नको होतं.

"चांगलं गाळून आणलं होतं. तुमच्या याडीचं पाणी मीच भरतो रोज, तेच होतं." संगीताचा आवाज शांत होता, तिनं भांडण केलं असतं तर सोपं झालं असतं. "जाऊ द्या. उद्या दिग्रसले जातो, केस उचलून घेतो. वकीलसाहेब म्हनत होते जिंकतो म्हणून. पण तुमी पेल्यावर तो खालचा जज काय करन? तो तुमच्यापेक्षा मोठा हाय काय?"

"संगीता, मी यावर बोलू शकत नाही."

"बोला कोन म्हनते? पेल्या ना तुमी."

काय सांगायचं हिला? केस मागं घेऊ नकोस, हे एवढंच वाक्य. लहान पोरालाही सांगता येईल असं. आणि तेच तिला सांगता येत नव्हतं. समोर पक्षकार, पलीकडे दुसरा पक्षकार, मधे मोबाइल. हे एक वाक्य म्हणजे पक्षकाराला सल्ला. उद्या अर्ज, परवा चौकशी, आणि इतक्या वर्षांचा, एकही डाग नसलेला कोट मातीत. तिला स्वतःची लाज वाटली, की एका बाईचं घर चाललंय आणि आपण कोटाचा विचार करतोय. आणि तरी विचार केल्याशिवाय राहवेना. संगीता पाठमोरी झाली, आपल्या दाराकडे निघाली. एक खोली, पुढं ओटा, ओट्यावर शिवणयंत्र. ते यंत्र उद्या बैलगाडीत नाहीतर ऑटोत जाणार होतं.

उर्वशी पुन्हा घरात शिरली.

"याडी, बापू कधी चुकले नाहीत? कधी चुकीचं पाणी प्यायले नाहीत?"

जमनाबाईनं नाक पुसलं. "एकदाच. मंग त्याईनं परत केलं."

"परत म्हणजे?"

"ज्याचं पेलं, त्याचा लोटा आपल्या हातानं भरून त्याच्याच उंबऱ्यात ठेवाचा. म्हंजे पेलंच नाई. भांडण जिथल्या तिथं."

"मग अजून कुणी असं करत का नाही?"

"करन कोन? ज्यानं पाणी परत केलं त्याले पुन्हा घोंगडीवर बसता येत नाई. तुले वाटलं, बापू म्हातारे झाले म्हणून बसाचे बंद झाले? अव, त्याईनं आपल्या हातानं घडी घातली होती."

उर्वशी भिंतीला टेकली. तिच्या मनातल्या जजनं लगेच बाजू मांडायला सुरुवात केली. चुकून झालेला आदेश कोर्टाला मागे घेता येतो. मागे घेणं म्हणजे कुणाच्या बाजूनं निकाल देणं नव्हे, जी स्थिती होती तीच परत करणं. मनातलाच दुसरा जज म्हणाला, बाई, हे तू नागपूरला बसलेल्या वरिष्ठांना कसं समजावशील? मोबाइलमध्ये दिसेल ते एवढंच, की हायकोर्टाची न्यायमूर्ती हातात लोटा घेऊन पक्षकाराच्या दारात. तिला भीती वाटत होती, साधी भीती. तिनं आईच्या रांजणाकडे हात नेला, तसाच मागं घेतला. ते पाणी संगीतानं भरलेलं. ती घराच्या मागं हौदावर गेली. तांब्याचा लोटा कारभाऱ्याकडून मागून आणायला अंगरक्षकाला पाठवलं, आणि तो बिचारा पिस्तूल कमरेला लावून लोटा घेऊन आला.

तिनं लोटा भरला. काठोकाठ.

निंबापासून अमरसिंगाचं घर काही लांब नाही, पण हातात भरलेला लोटा आणि सगळ्या तांड्याचे डोळे असले म्हणजे ते चालता चालता संपत नाही. बायका बाजूला झाल्या. कुणाला तरी काय चाललंय ते कळलं आणि कुजबुज पुढं पुढं पळाली. अमरसिंग दारात येऊन उभा राहिला.

"बाई, हे बरं नाई," तो हळूच म्हणाला. "एकदा पेलं ते पेलं."

तिनं वाकून लोटा त्याच्या उंबऱ्यात ठेवला. थोडं पाणी सांडलं, त्याच्या चपलेवर गेलं.

अमरसिंगाचा आवाज चढला. "मंग मीबी नागपूरले अर्ज करतो! जज तांड्यात येऊन चालू केसमंदी हात घालते म्हणून! हे सगळे साक्षी हायेत. काय बोलल्या तुमी, ते सगळ्याईनं ऐकलं!"

उर्वशी सरळ उभी राहिली. घसा इतका सुकला होता की शब्द चिकटत होते. तिनं दोन्ही हात झटकले, अगदी बापासारखे, आणि लहानपणानंतर पहिल्यांदा अस्सल वऱ्हाडीत म्हणाली,

"मी कुठं काई बोलली?"

मग तो मघाचा म्हातारा हसला, त्याच्यामागं बायका, आणि मग सगळा तांडा असा हसला की अमरसिंगाला दार लावून घ्यावं लागलं. संगीता आपल्या ओट्यावर उभी होती. तिनं रिकामा लोटा शिवणयंत्रावर ठेवला. "आता कायले जातो मी दिग्रसले उद्या," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "तारखेलेच जाईन."

हरचंद कारभारी खाटेजवळ गेला. त्यानं घोंगडी झटकली, चार घड्या घातल्या आणि उर्वशीच्या समोर धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला ती पुन्हा कुणी भीमराज नाईकांच्या पोरीखाली अंथरणार नाही, हे ठाऊक होतं. तिनं घोंगडी घेतली. अर्ज नागपूरला जाणार, तेही तिला ठाऊक होतं. त्याचं पुढं काय होईल ते तिला कळत नव्हतं.

निघण्याआधी ती आईच्या दारात थांबली. उभ्या उभ्या चक्कर येईल असं वाटत होतं. जमनाबाई आतून ग्लास भरून घेऊन आली, गार, रांजणातलं. म्हातारीचा चेहरा कितीतरी वर्षांनी खुलला होता.

"घे व माय. आता तरी पे. सकाळपासून घरचं पाणी पेली नाई तू."

उर्वशीनं ग्लास हातात घेतला. ग्लासाच्या बाहेरून थेंब ओघळत होते. सगळा तांडा बघत होता, मोबाइल अजून वर होते, आणि अमरसिंगाच्या खिडकीची फट उघडी होती.

"याडी," ठाऊक असूनही तिनं विचारलं, "हे पाणी कुणी भरलं?"

"कोन भरन? संगीतानंच."

तिनं ग्लास ओठाला लावला नाही. तो तसाच आईच्या हातात परत दिला, आणि आई काही विचारायच्या आत गाडीत जाऊन बसली.